बाईंचे बाण, माझे शेरे

आमच्या केंद्रात तीन-चार वर्षं माझं बोट प्रसिद्ध होतं. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, आणि बोट म्हणजे खरोखरचं बोट, माझ्या उजव्या हाताचं. वरून कुठली ऑनलाइन माहिती मागवली की मी शाळेच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडायचो, जे बटण दाबायचं त्याच्यावर बोट टेकवायचो आणि डाव्या हातानं मोबाइलवर फोटो काढायचो. फोटो तिरपा यायचा. पडद्यावर ट्यूबलाइट चमकायची. एकदा तर काचेत खिचडीचं पातेलं आणि मावशींचा पदर दिसत होता. पण बोट नेमक्या जागी असायचं, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर लोक विचारायचे, "सरांचं बोट आलं का?"

खरं सांगायचं तर मी बोट अर्ध्याच पानांवर ठेवायचो. पुढच्या पानासाठी मला फोन यावा लागायचा. "वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतेत का? ती दाबा," असं मी सांगायचो, आणि पलीकडून "कुठल्या उजव्या, सर?" असं आलं की मला बरं वाटायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दारात दोन-तीन मोटारसायकली लागलेल्या असायच्या. बायको चहा टाकता टाकता म्हणायची, "आलं बघा तुमचं गिऱ्हाईक." मी तोंड वाकडं करायचो, पण एखाद्या शनिवारी कुणी आलं नाही तर दोनदा अंगणात जाऊन रस्त्याकडं बघून यायचो.

मग बाई आल्या. बदलीनं आल्या, ईट गावाहून आमच्या केंद्रातल्या सास्तूरच्या शाळेत. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान. पहिल्याच आठवड्यात शिष्यवृत्तीची माहिती भरायची होती. मी बोट टेकवून फोटो काढून ग्रुपवर टाकेपर्यंत बाईंचं पान येऊन पडलं होतं.

ते पान मी उघडलं. पडद्याचं चित्र आरशासारखं सरळ. त्यावर लाल बाण. बाणाशेजारी गोलात आकडे, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्यासमोर छोटं वाक्य, 'इथं मुलाचं नाव दाखल्याप्रमाणे लिहा.' आधार क्रमांक दिसू नये म्हणून त्याच्यावर धुरकट पट्टा फिरवलेला. खाली एक लिंक आणि सूचना, 'लिंकवर पूर्ण पान दिसेल. हवी तिथं टीप लिहिता येईल.' सगळी पानं होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही राखून ठेवलेलं नाही.

कुणीतरी विचारलं, याला किती पैसे पडतात? बाईंनी लिहिलं, 'काही नाही सर, फुकट आहे. कुणालाही करता येतं.'

हे 'फुकट' मला फार झोंबलं. बाईंनी पैसे मोजून एखादं भारी सॉफ्टवेअर घेतलं असतं तर मी म्हणालो असतो, पैशाचा खेळ आहे, आम्हीही केलं असतं. पण ती वस्तू माझ्याही मोबाइलवर मिळत होती, इतकी वर्षं मिळत होती, आणि मी ट्यूबलाइटखाली बोट धरून बसलो होतो. त्या दिवशी माझा फोन वाजला तो एकदाच, आणि तो बायकोच्या माहेरून होता.

"तुमच्या पोटात दुखतंय," बायको म्हणाली.

"मला कशाला दुखतंय?"

"मग ते पान चौथ्यांदा कशाला उघडलंय?"

दुसऱ्या आठवड्यात मला थोडं सुख मिळालं. माकणीच्या शाळेतले गुरुजी भर उन्हात मोटारसायकलवरून माझ्या शाळेत आले. आमच्यातले सगळ्यात जुने तेच, नोकरीची चार वर्षं उरलेली. घाम पुसायच्या आधी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. बाईंनी शिक्षकांच्या यादीचा नमुना टाकला होता आणि रकाना कुठला ते दाखवायला एका नावाभोवती गोल काढला होता. नाव गुरुजींचं होतं आणि गोल लाल होता.

"सर, म्या काय केलंय? तीस वर्षांत माझ्या सर्व्हिस बुकात लाल शेरा न्हाय. आन् आता नावाला गोल?"

आमच्या खात्यात लाल शाई म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. तपासणीला साहेब आले की शेरेबुकात लाल शाईनं लिहून जातात, आणि एकदा लिहिलेला शेरा माणूस निवृत्त झाला तरी पुसत नाही. मी गुरुजींना लगेच सांगायला हवं होतं की हा नुसता नमुना आहे. मी सांगितलं, पण आधी मोबाइल हातात घेऊन, चष्मा लावून, चांगली दोन मिनिटं "हं" केलं. मग म्हणालो, "काही नाही गुरुजी, बाई नवीन आहेत. त्यांना ह्या गोष्टी कळत नाहीत."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. चहाला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. त्यांची बायको अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, आणि दुपारच्या सुट्टीत शाळेतून घरी जाऊन ते तिला स्वतः भरवायचे. घर शाळेपासून पाच मिनिटांवर. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास ती गिळत नसे. सूनबाईंनी प्रयत्न करून पाहिला होता, पण ती ओठ मिटून घ्यायची.

त्या संध्याकाळी मी बाईंची लिंक पहिल्यांदा नीट उघडली, ती चुका काढायलाच. पानावर कुठंही बोट दाबून धरलं की एक पिवळा चौकोन उघडायचा आणि त्याच्यावर लिहिलेलं असायचं, 'टीप जोडा – प्रत्येकासाठी'. मराठीचा शिक्षक मी. 'प्रत्येकासाठी एक पाटी' म्हणजे ज्याची त्याची आपली आपली पाटी. तेव्हा मला वाटलं, ही ज्याची त्याची आपली वही आहे, मी लिहीन ते मला दिसेल आणि दुसऱ्याचं दुसऱ्याला. मला ही सोय फार आवडली. इतक्या दिवसांत ग्रुपवर जे गिळून बसलो होतो ते सगळं लिहायला जागा मिळाली.

पहिला शेरा मी लिहिला, 'लाल रंग शासकीय कामात वापरू नये.' दुसरा, '"क्लीक" नव्हे, "क्लिक".' लिहून झाल्यावर छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी पाहिलं तर माझ्या दोन्ही टिपांशेजारी हिरवी बरोबरची खूण होती. मला वाटलं, टीप जतन झाली असं ते यंत्र सांगतंय.

पुढच्या खेपेला बाईंचे बाण हिरवे आले. मी लिहिलं, 'हिरवी शाई साहेब लोकांची. शिक्षकांनी पायरी ओळखून असावे.' त्यापुढच्या खेपेला बाण निळे. आणि 'क्लीक' कुठंच नाही, सगळीकडं 'क्लिक'. मी चिडलो. ही बाई आपली आपण सुधारतेय, हिला कुणी सांगावंही लागत नाही! माणसाला एखाद्याचा हेवा वाटत असला की त्याच्या चुकांचा फार आधार असतो, आणि बाई तो आधारही माझ्याकडून काढून घेत होत्या.

मग माझे शेरे तिखट होत गेले. 'ईटकडं अनुस्वार मिळत नाहीत वाटतं.' 'बाण फार मोठा. शिक्षक आंधळे आहेत असा समज दिसतो.' 'इतकं चघळून दिलं तर लोकांचे दात पडतील.' शाळा सुटल्यावर, मुलं गेल्यावर, एकटा वर्गात बसून मी हे लिहायचो आणि स्वतःशीच हसायचो. अनुस्वार दुसऱ्या दिवशी जागेवर बसलेले असायचे. खूण हिरवी.

बाहेर मात्र मी गोड होतो. महिन्याच्या शिक्षण परिषदेला केंद्रातले सगळे शिक्षक जमले की बाई पडद्यावर बाण काढून दाखवायच्या आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचो. केंद्रप्रमुख एकदा म्हणाले, "सर, तुमच्या बोटाला आता पेन्शन द्यायची का?" सगळे हसले. मीही हसलो, इतरांपेक्षा जोरात. घरी येऊन मात्र भाकरी ताटात सरकवली आणि आमटीत मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडलो. मीठ होतं. तिनं बरणी माझ्यापुढं ठेवली आणि आत गेली.

आणि मग बदल्यांचे अर्ज आले. चार दिवसांची मुदत. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठे चार दिवस नसतात. आजारपणामुळं किंवा वयामुळं ज्यांना आहे त्या शाळेत राहायची मुभा होती, त्यांच्यासाठी एक वेगळं पान होतं. त्यावर एकच वाक्य, 'मला बदली नको आहे', आणि त्याखाली दोन गोल, 'होय' आणि 'नाही'. राहायचं असेल तर 'होय' दाबायचं. सादर केलं की मागं फिरता येत नव्हतं.

बाईंचं पान पहिल्याच सकाळी आलं. त्यांचा फोनही आला. "सर, बदलीचं टाकलंय. एकदा नजरेखालून घाला ना. तुम्ही बघितलं की मला निर्धास्त वाटतं."

मला वाटलं, टोमणा मारतेय. "बघतो की," मी म्हणालो.

दुपारच्या सुट्टीत उघडलं. दुसऱ्या क्रमांकाचा बाण उलटा होता. बाईंनी लिहिलं होतं, 'ज्यांना बदली नको त्यांनी "नाही" निवडा.' बोलताना आपण म्हणतोच ना, बदली? नाही बाबा, नको. त्याच ओघात बाईंचा हात गेला असणार. पण पोर्टलच्या वाक्याला 'नाही' म्हटलं की अर्थ होत होता, मला बदली हवी आहे.

मी ते एका नजरेत पाहिलं. पहिल्यांदा काय वाटलं तेही सांगतो. आनंद झाला. सापडली, असं वाटलं. मी पिवळा चौकोन उघडला, 'दोन नंबरचा बाण उलटा' इतकं लिहिलं, आणि थांबलो. पंचवीस वर्षांची सरकारी नोकरी माझ्या हातात शिरली होती. लेखी कशाला ठेवायचं? उद्या काही झालं आणि कुणी माझा मोबाइल बघितला तर म्हणेल, याला माहीत होतं. मी अक्षर अक्षर खोडलं आणि चौकोन बंद केला.

बाईंना फोन करायला एक मिनिट लागलं असतं. मी केला नाही. मनात म्हणत होतो, कुणीतरी सांगेलच. कुणीतरी वाचेल, ग्रुपवर लिहील, चार लोकांत बाईंचं हसं होईल, आणि लोकांना आठवेल की सरांचं बोट कधी चुकलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. कुणाचं वाटोळं व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण वाटोळं होऊ शकतं हे कळण्याइतकी अक्कल मला नक्की होती.

दुसऱ्या दिवशी बाईंचा परत फोन. "पाहिलंत का सर? काही राहिलंय?"

"पाहिलं," मी म्हणालो. "चांगलं झालंय."

तिसऱ्या दिवशी माझं मन मला खाऊ लागलं. संध्याकाळी फोन करायचं ठरवून मी मोबाइल हातात घेतला, तर ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज, 'बाईंच्या बाणांमुळे यंदा मला एकही फोन नाही. असे शिक्षक केंद्राला लाभले हे भाग्य.' खाली टाळ्यांची रांग. रांगेत मी पण दोन टाळ्या टाकल्या आणि मोबाइल उशीखाली सारला.

मुदत संपली. आमच्या केंद्रात राहायची मुभा असलेले दोघंच होते. एका मॅडमचा अर्ज त्यांच्या नवऱ्यानं भरला. त्यानं बाणाकडं न बघता वाक्य वाचलं आणि 'होय' दाबलं. दुसरे माकणीचे गुरुजी.

यादी आली तेव्हा मी परिपाठ घेत होतो. मुलं रांगेत उभी होती. गुरुजींच्या नावापुढं भूम तालुक्यातली एक शाळा होती, ईटच्या पलीकडं, जिल्ह्याचं दुसरं टोक. गुरुजी तालुक्याला गेले, धाराशिवला गेले, बायकोच्या आजाराचे कागद दाखवले. सगळीकडं एकच उत्तर. तुम्हीच बदली मागितली आहे, हा बघा तुमचा अर्ज, पुढच्या वर्षी पाहू.

त्यानंतरची शिक्षण परिषद सास्तूरला होती. मी लवकर गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. विषय सुरू व्हायच्या आधीच बाई उठल्या. हातात कागद नव्हता. "मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "बदलीच्या पानावर दोन नंबरचा बाण मी चुकीचा काढला. गुरुजींनी माझ्यावर विश्वास ठेवून बटण दाबलं. ही बदली माझ्यामुळं झाली." मान वर होती. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडं पाहिलंही नाही.

कित्येक महिने मी ह्याच दिवसाची वाट पाहिली होती. चार लोकांत बाईंनी चूक कबूल करावी, आणि मी ऐकावं. झालं तसंच. पण कुणी हसलं नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, "बसा बाई." एका मॅडमनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. खोलीतली सगळी माणसं त्या घटकेला बाईंच्या बाजूला सरकली, आणि मला कळलं की मी परत जळतोय. बाणांसाठी जळलो नव्हतो इतका. चूक करूनही माणूस असा उभा राहू शकतो, आणि मी चूक न करता मागच्या रांगेत खाली मान घालून बसलोय.

परिषद सुटली. मी घाईनं मोटारसायकलकडं निघालो, तर गुरुजी तिथंच लिंबाखाली उभे होते.

"सर, बाईंला कुणी काय बोलू नये बगा," ते म्हणाले. "एकट्या त्यांची चूक न्हाय. म्या तुमच्या शेऱ्याची वाट बगत होतो."

"कसला शेरा?"

"ते तुमी टाकता न्हवं का पानावर. पिवळ्या चौकोनात."

त्यांनी मोबाइल काढला. बाईंचं एक जुनं पान उघडलं, बोट दाबलं, आणि माझा पासपोर्टचा फोटो वर आला. माझं नाव, आणि खाली 'ईटकडं अनुस्वार मिळत नाहीत वाटतं.' मग पुढचा. मग पायरी ओळखून असावे, तो. सगळे होते, ओळीनं. प्रत्येकासाठी म्हणजे सगळ्यांसाठी.

"हे... सगळे वाचतात?"

"मंग? लई हसतो आमी. जीभ तिखट हाय सरांची, पर नजर पक्की. बाई बी तेच म्हणतेत. तुमचा शेरा आला की तेवढं दुरुस्त करतेत आन् बरुबरची खूण मारतेत. दुरुस्त झाल्याबिगर आमच्यातलं कुणी फारम भरत न्हाय."

गुरुजी शांतपणे सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत.

"बदलीचं पान म्या चार दिवस रोज उघडून बगितलं. पैल्या दिवशी न्हाय, दुसऱ्या दिवशी न्हाय. तुमचा एकबी शेरा न्हाय. शेवटच्या दिवशी म्हणलं, सरांनी कायच काढलं न्हाय म्हंजे पान बरुबर हाय. आन् दाबलं."

सांगायला तीच वेळ होती. तिथं तिसरं कुणी नव्हतं. बाईंना भरल्या खोलीत जे जमलं ते मला एका म्हाताऱ्या माणसापुढं जमवायचं होतं, तेही झाडाखाली.

"नजरचूक झाली, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नका, सर. तुमच्या नजरंतनं सुटलं, मंग ते कुणाच्याबी नजरंतनं सुटलं असतं."

मी मान हलवली.